मागचा उजवा

१

अण्णांना खुर्चीत बसवणं हे थोरलीचं रोजचं पहिलं काम. काखेत हात घालून उठवायचं, पलंगापासून हॉलपर्यंत अर्धं चालवत, अर्धं ओढत न्यायचं आणि एकदाचं टेकवलं की खुर्चीचे पाय फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांवर आलेत ना, ते बघायचं. त्या खुणा अण्णांनी धडधाकट असताना स्वतःच्या हातांनी केलेल्या. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात तो घुमणारा मोठा डबा आणि या सगळ्यांच्या मधोमध खुर्ची. ती जरा जरी सरकली तरी आवाजाचा पार विचका होतो, असं त्यांचं म्हणणं.

आयुष्यभर त्यांनी चित्रपटगृहात आवाज सांभाळला. निवृत्त झाल्यावर घरातला हॉलच त्यांनी छोटं चित्रपटगृह करून टाकला. भिंतींना जाड कापड, खिडकीला दुहेरी पडदे. पाहुणे आले की त्यांना खुर्चीत बसवून मागच्या उजव्या स्पीकरमधून पाखरू उडवून दाखवायचे. पाहुणा दचकून मागे वळला की अण्णा लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे.

एवढा आवाजाचा दर्दी माणूस, पण पोटच्या पोरीचा आवाज मात्र त्यांना कधी सोसला नाही. "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं बोलू नकोस," हे ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. शाळेच्या गाण्यात तिची निवड झाली, तेव्हा ते म्हणाले होते, "तू फक्त ओठ हलव." ती खरंच ओठ हलवून आली. सगळ्यांसमोर, पहिल्या रांगेत उभी राहून.

आता लकव्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. दूरच्या शहरात स्थायिक झालेला धाकटा भाऊ दर रविवारी फोन करायचा. थोरली सकाळी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची. तेवढा वेळ शेजारच्या काकू अण्णांकडे येऊन-जाऊन लक्ष ठेवायच्या. दुपारनंतर सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. ती मनात म्हणायची, निदान बोलणी तरी बंद झाली. आणि मग असं मनात आलं म्हणून दिवसभर स्वतःवरच चिडायची.

२

धाकट्याने अण्णांसाठी नवा टीव्ही आणि नवा प्लेअर पाठवला. स्वतः यायला सवड नव्हती. जोडून द्यायला एक साउंडवाला आला. पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. जमिनीवर आडवा होऊन तो बराच वेळ वायरींशी झटत राहिला. मग उठला, गुडघे झटकले आणि अण्णांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघून त्याने मान हलवली.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण याचं वय झालंय."

"बिघडलाय?"

"छे हो, ठणठणीत आहे. पण नव्या सिनेमांचा आवाज वेगळ्याच पद्धतीने बांधलेला असतो. तो फॉरमॅट याच्या डोक्यावरून जातो. मग हा काय करतो, आपल्याला झेपेल तेवढं घेतो आणि साधा दोन चॅनलचा आवाज काढतो. बघा, याच्या खिडकीतही तेच लिहून येतंय." त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या हिरव्या काचेवर टिचकी मारली. "पुढचे दोन बोलणार. मधला आणि मागचे मुके."

"आमच्या अण्णांना शोभेलसा आहे," थोरली म्हणाली.

साउंडवाल्याला हसावं की नाही ते कळेना. घसा साफ करून तो म्हणाला, "नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, सगळे बोलायला लागतील. हा मी घेऊन जातो."

त्याने अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला मात्र, अण्णांच्या घशातून असा काही आवाज निघाला की तो दोन पावलं मागे सरकला. अण्णांच्या डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट आवळला होता आणि बोटं पांढरी पडली होती.

"राहू दे," थोरली म्हणाली. "त्यांचं सगळं असंच."

"मागच्या वायरी तशाच ठेवतो," जाता जाता साउंडवाला म्हणाला. "आवाज काही येणार नाही त्यांतून. असल्या काय, नसल्या काय."

३

पुढच्याच आठवड्यातली दुपार. टीव्हीवर कसलातरी सिनेमा लागला होता आणि थोरली स्वयंपाकघरात अण्णांचं सूप गाळत होती. हॉलमधून बाईचा आवाज आला, "आलेच हं, अण्णा."

सिनेमातलंच वाक्य असणार, असं समजून ती गाळत राहिली. मग हात थांबला. टीव्हीवर तर दोन पुरुषांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

वाटी घेऊन ती हॉलच्या दारात आली. अण्णा टीव्हीकडे बघत नव्हते. त्यांनी मान उजवीकडे, जमेल तेवढी मागे वळवली होती आणि चेहऱ्याची जी बाजू अजून हलत होती, त्या बाजूने ते हसत होते. वेड्यासारखं नाही. घरचं कुणी बाहेरून आलं की माणसाचा चेहरा खुलतो, तसं.

तिने आयुष्यात त्यांचं हे हसू पाहिलं होतं. ते धाकट्यासाठी असायचं.

ती मागच्या उजव्या स्पीकरपाशी गेली आणि जाळीला कान लावला. टीव्हीवरची भांडणं समोरून येत होती. स्पीकरमध्ये चिडीचूप. हिरव्या काचेत दोन चॅनलच दिसत होते. तिने जाळीवर तळहात टेकला. आतला कागद थरथरत होता, अगदी बारीक. कुणीतरी हळू आवाजात बोलत असताना त्याच्या गळ्याला हात लावला की जाणवतं तसा.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन तिने जिन्यात पाऊल ठेवलं, तोच काकू समोर आल्या.

"आज दुकान बंद होतं का गं?"

"नाही. का?"

"मी दारापर्यंत आले होते, तर तू आत अण्णांशी बोलत होतीस. म्हटलं, आहे घरात, तर कशाला मधे जा." मग काकूंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "किती प्रेमाने बोलतेस गं. मला बाई भरूनच आलं."

थोरली काहीतरी पुटपुटली आणि जिना चढली. दारातलं लॅचचं कुलूप तिनेच सकाळी लावलं होतं. एक किल्ली तिच्याकडे आणि दुसरी काकूंकडे. कुलूप जसंच्या तसं होतं.

४

तिने साउंडवाल्याला फोन केला.

"असं होतं कधीकधी," तो म्हणाला. "लांब वायर मोकळी पडलेली असली की रेडिओ पकडते. आमच्या एका गिऱ्हाईकाच्या स्पीकरमधून तर टॅक्सीवाले बोलायचे."

"रेडिओवर माझा आवाज कसा येईल?"

तो हसला. "ताई, आपलाच आवाज बाहेरून ऐकला की माणसाला ओळखूही येत नाही. तुमचाच कशावरून?"

तो आवाज तिचा होता, पण तिने तो कधी वापरला नव्हता. लहानपणापासून कुणी टोकलं नसतं, ओठ हलव म्हटलं नसतं, तर कदाचित तिच्या गळ्यातून जो निघाला असता, तो. हे असलं साउंडवाल्याला काय सांगणार?

त्याने एक उपाय सांगितला. रिमोटवर चाचणीचं बटण आहे, ते दाबायचं. प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने नळ सोडल्यासारखी खरखर येते. कुठला चालू, कुठला बंद, ते कळतं.

भर दुपारी, पडदे सारून, तिने बटण दाबलं. अण्णा खुर्चीत डुलक्या घेत होते. पुढच्या डाव्यातून खरखर आली, मग मधल्यातून, मग पुढच्या उजव्यातून. हिरव्या काचेत त्या त्या स्पीकरची चौकट उजळत होती. पाळी मागच्या उजव्यावर आली. चौकट उजळली, पण खरखर नाही. शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.

मागच्या डाव्यातून पुन्हा खरखर आली आणि तिचा जीव जरासा थाऱ्यावर आला. आता फेरी पूर्ण होऊन आवाज पुढे जायला हवा होता. तो गेला नाही. काचेतल्या सगळ्या चौकटी विझल्या आणि खरखर भिंतीपलीकडून यायला लागली.

भिंतीपलीकडे अडगळीची खोली होती. थोरलीने दार उघडलं. मोडकी छत्री, जुन्या बॅगा, गुंडाळलेली सतरंजी. ती आत शिरली तशी खरखर तिच्या पाठीमागे गेली. वळली, तरी पाठीमागेच. जिथे ती उभी असेल, तिथून एक पाऊल मागे.

तिने धावत येऊन रिमोट दाबला आणि सगळं बंद केलं. अण्णा जागे झाले होते. तिच्याकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. या आठ्या मात्र तिच्या ओळखीच्या होत्या.

५

चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई दुसऱ्या गावी नवी शाखा काढणार होत्या.

"तूच चालव," त्या म्हणाल्या. "लोकांच्या नजरेचं तुला चांगलं कळतं. वर राहायला खोली आहे. पण मला लवकर सांग, लोंबकळत ठेवू नकोस."

त्या दिवशी थोरली घरी आली ती वाऱ्यावर तरंगत. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिला काहीतरी देऊ केलं होतं. रविवारी धाकट्याचा फोन आला, तेव्हा ती अण्णांची नखं कापत होती. दोन्ही हात गुंतलेले म्हणून तिने फोन तिपाईवर ठेवला, स्पीकर चालू केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आपण जाणार आहोत. आता पाळी त्याची. हवं तर त्याने अण्णांना घेऊन जावं, हवं तर इथे माणूस ठेवावा, पण यापुढे आपल्याच्याने होणार नाही.

मग धाकटा सद्गदित होऊन म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे बघ."

"अरे, ऐकलंस का मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं ना. 'तू काळजी करू नकोस, मी आहे ना अण्णांजवळ.' दर वेळी तू हेच म्हणतेस आणि दर वेळी मला रडू येतं."

नेलकटर तिच्या हातातून निसटलं. अण्णा मागे वळून हसत होते.

"मी असं म्हणाले नाही," ती ओरडली. "मी जाणार आहे! कळतंय का तुला? जाणार आहे!"

"हो हो, तूही जेवून घे," धाकटा म्हणाला. "स्वतःकडे अगदी दुर्लक्ष करतेस."

६

तिने अ‍ॅम्प्लिफायरची पिन काढली. एवढ्यावर भागेना, म्हणून मागच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी उपसल्या, भिंतीवरून ते उतरवले आणि अडगळीच्या खोलीत सतरंजीखाली कोंबले.

अण्णांनी तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांशी नेला की मान वळवायचे. तिने दरडावलं, समजावलं, शेवटी हात जोडले. "अण्णा, मी कोण आहे? मीच आहे ना? मीच करतेय ना सगळं?" त्यांनी डोळे मिटले. पत्र्यावर खिळा ओढल्यावर माणूस मिटतो तसे.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांचे ओठ सुकून सोलवटले. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात हताश होऊन भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात हॉलमधून वाटीवर चमचा वाजल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग ठरावीक लयीत.

"अजून एक घास. शाब्बास."

भिंत धरून धरून ती दारापर्यंत आली. टीव्ही बंद, अ‍ॅम्प्लिफायरची पिन जमिनीवर, हिरवी काच काळी ठिक्कर. अण्णांच्या मांडीवर रिकामी वाटी होती. हनुवटी पुसलेली होती. आणि खुर्चीच्या पाठीवर उजव्या बाजूला, कुणी टेकून उभं राहिल्यावर पडतो तसा खळगा होता. ती बघत असतानाच तो हळूहळू भरून आला.

अण्णांनी आपल्या धड हाताने खाल्लं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. हनुवटीही पुसली असेल. भुकेपोटी माणूस काय वाटेल ते करतो. आपलाच दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. हे सगळं तिने स्वतःला नीट, मुद्देसूद पटवून दिलं. मग अडगळीच्या खोलीत जाऊन दोन्ही स्पीकर आणले आणि निमूटपणे पुन्हा भिंतीवर लावले. निदान जेवतात तरी.

पण सगळ्यात जास्त तिला लागलं होतं ते "शाब्बास". या घरात हा शब्द आहे, हेच तिला माहीत नव्हतं.

७

शेवटी धाकटा आला, तोही तिने ऑफिसच्या ई-मेलवर तार केल्यासारखा एका ओळीचा मेसेज केला म्हणून. बोलण्याची तिला आता खात्री उरली नव्हती.

तो हॉलमध्ये बसला. तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"माझी गाडी दुपारची आहे," ती म्हणाली. "औषधं फ्रीजवर. काकू सकाळी येतील. माणूस बघेपर्यंत तुला राहावं लागेल."

धाकटा तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागे, उजव्या भिंतीकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"मला माहीत होतं ताई," तो त्या भिंतीला म्हणाला. "तू अण्णांना टाकून जाणार नाहीस."

थोरलीने त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. तो दचकला. तिच्याकडे वळून त्याने असं पाहिलं, जसं चालू सिनेमात कुणी मधे उभं राहिलं की बघतात. "अगं, काय झालं?"

"ही किल्ली घे," ती म्हणाली. त्याच्या मुठीत किल्ली कोंबून तिने बॅग उचलली. अण्णांच्या पाया पडायला वाकली, पण त्यांचं तोंड पलीकडे होतं. ती तशीच उठली.

जिना उतरताना तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. वाटलं नाही. फक्त दाराआडून तिघांच्या गप्पा चालल्यासारखी कुजबुज ऐकू आली आणि त्यांत एक हसणं तिचं होतं.

८

नव्या दुकानाला पूर्वेकडे मोठी काच होती. सकाळी ऊन थेट आरशांवर यायचं. लोकांच्या नाकावर चष्मे ठेवून थोरली विचारायची, "आता कसं दिसतंय?" आणि लोक म्हणायचे, "काय म्हणालात?" पहिले काही दिवस तिला वाटलं, बाहेरच्या रहदारीमुळे होत असेल. मग वाटलं, घसा बसलाय. तिने गुळण्या केल्या. शेवटी ती पाटीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून काम भागवायला लागली. लोकांना तेही चालत होतं.

एका दुपारी धाकट्याचा फोन आला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"ताई, पोचलो बरं का इथपर्यंत. तू परत आलीस ते फार बरं झालं. डब्यात काय दिलंयस? वास छान येतोय."

"मी परत आलेले नाही. अरे, अण्णांजवळ कोण आहे?"

"बरं बरं. आता घोषणा करून विमानाकडे बोलावतायत. ठेवतो. अण्णांना जप."

तिने काकूंना फोन केला. काकूंना तिचं "हॅलो" ऐकू जात नव्हतं, त्या "कोण बोलतंय? कोणीच नाही," म्हणत होत्या. तिने पुन्हा केला. पुन्हा तेच. मग दुकानाचं शटर ओढून ती मिळेल त्या गाडीने निघाली.

पोचली तेव्हा दुसऱ्या दिवशीचं ऊन चांगलं वर आलं होतं. मुलं शाळेत गेलेली, जिना धुतलेला. काकूंच्या दाराला कुलूप होतं. स्वतःच्या दारापुढे ती उभी राहिली. आत टीव्ही चालू होता, चमचे वाजत होते. किल्ली नव्हती. तिने बेल दाबली.

पावलं आली. अनवाणी, टाच आधी टेकवणारी. तशी चालत असल्याबद्दल तिने लहानपणी पुष्कळ बोलणी खाल्ली होती. पावलं दाराच्या आत थांबली आणि तिच्या आवाजाने, कधीच न वापरलेल्या त्या मऊ आवाजाने विचारलं, "कोण आहे?"

थोरलीने तोंड उघडलं. ओठ हलले. "मी" एवढा एक शब्द तिला म्हणायचा होता. तिने पूर्ण छाती भरून तो म्हटला आणि तिला स्वतःलाही तो ऐकू आला नाही.

"कोणी दिसत नाही, अण्णा," दारातल्या भिंगाआडून आवाज म्हणाला.

मग हॉलमधून अण्णा बोलले. लकव्यानंतर एक अक्षरही न बोललेले अण्णा. जड जिभेने, पण स्पष्ट.

"कोणी नसेल. तू ये, बस इथे."

थोरलीने दोन्ही हातांनी दार बडवलं. आत दाराची कडी लागल्याचा आवाज झाला.